सादळलेला डेक: आधी ओल काढा, मग फायबर लावा

डेकवर अनवाणी चालून पाहा. बूट घालून चाललं की काही कळत नाही. नाळेपासून सुरुवात करा आणि एकेका टाचेवर सगळा भार टाकत मागे या. जिथे टाचेखालचा डेक किंचित दबतो आणि पाय उचलला की हळूच वर येतो, तिथलं आतलं लाकूड कुजलेलं आहे. काही ठिकाणी तर पाय दाबला की शेजारच्या स्क्रूभोवती पाण्याचा बुडबुडा फुटतो. तो दिसला की शंकेला जागा उरत नाही.

दिल्ली, नोएडा, गुरुग्रामच्या पट्ट्यात स्वतःची होडी ठेवणारे आपण थोडेच. कुणी वर्षातून एकदोनदा परवानगी काढून, ट्रेलरवर टाकून ती डोंगरातल्या एखाद्या जलाशयापर्यंत नेतो, कुणाची जवळपासच्या तलावावर उतरते. बाकीचे महिने ती ताडपत्रीखाली पडून असते. कोकणात होडी पाण्यात झिजते, आपल्याकडे ती जमिनीवर उभी राहून कुजते. ताडपत्री मध्ये झोळी धरते, झोळीत पाणी साचतं. डिसेंबर-जानेवारीच्या धुक्यात ताडपत्रीच्या आतल्या बाजूला दव जमतं आणि रात्रभर डेकवर ठिबकतं. होडी वापरात नाही म्हणून ती सुरक्षित आहे, हा समज मीही बरीच वर्षं बाळगून होतो.

माझी होडी सोळा फुटी, वापरलेली घेतलेली, तिशी ओलांडलेली. ग्रेटर नोएडाच्या बाजूला एका मित्राच्या मोकळ्या प्लॉटवर ती उभी असते. २८ जून २०२४ ला सकाळी साडेआठपर्यंतच्या चोवीस तासांत दिल्लीत सफदरजंगच्या वेधशाळेत २२८.१ मिलिमीटर पाऊस मोजला गेला. रस्ते मोकळे झाल्यावर, तीन दिवसांनी आम्ही प्लॉटवर पोचलो. कडुनिंबाच्या पाल्याने डेकची निचऱ्याची भोकं बुजली होती आणि पुढच्या डेकवर घोट्याएवढं पाणी उभं होतं. ते पाणी तीन दिवस चार स्क्रूंच्या भोकांवर उभं होतं. मी पाणी काढलं, पुसलं, नवी ताडपत्री टाकली आणि दिवाळीपर्यंत तिकडे पाहिलं नाही. दिवाळीनंतर डेकवर पाय ठेवला तेव्हा तो दबला.

फायबरचं काम करणाऱ्या एका कारागिराला बोलावलं. माणूस हाताचा चांगला होता, गाड्यांचे बंपर आणि बागेतल्या घसरगुंड्या करणारा. त्याने दोनदा पाय आपटून पाहिला आणि म्हणाला, "ऊपर से दो मैट मार देंगे, पत्थर हो जाएगा." म्हणजे वरून काचेच्या मॅटचे दोन थर. हे वाक्य तुम्हालाही ऐकायला मिळेल. त्याला नाही म्हणा. पैसे कमी लागतील, काम एका दिवसात होईल, डेक वर्षभर टणकही वाटेल. पण ओल आतच राहील आणि वरून तिला कोंडणारं एक झाकण तेवढं वाढेल. या लेखात पुढे जे काही आहे ते या एका गोष्टीसाठी आहे: आत ओल असताना काहीही बंद करायचं नाही.

त्याचं कारण डेकच्या रचनेत आहे. डेक म्हणजे फायबरग्लासची एकसंध फळी नसते. वर तीन-चार मिलिमीटरचा थर, खाली दोन-अडीच मिलिमीटरचा थर आणि मध्ये गाभा, अशी ती तीन पदरी असते. गाभा प्लायवूडचा, बाल्सा लाकडाचा किंवा फोमचा असतो. फायबरचे दोन पातळ थर एकमेकांपासून दूर आणि घट्ट धरून ठेवणं हे त्या गाभ्याचं काम. फळीची जाडी दुप्पट झाली की वाकायला ती आठपट कठीण होते. म्हणून हलक्या गाभ्याने जाडी वाढवली की थोड्या वजनात माणसाचा भार पेलणारा डेक मिळतो. गाभा कुजून भुसभुशीत झाला की वरचा थर एकटा पडतो. चार मिलिमीटरचा पत्रा तो, पायाखाली वाकणारच. त्यावर आणखी दोन मिलिमीटर चढवले तरी खालच्या थराशी त्याचं नातं जुळत नाही. शिवाय होडीच्या वरच्या भागात वजन वाढतं, आणि लहान होडीला ते डोलताना जाणवतं.

लाकडाचा गाभा घातला हीच चूक झाली, असं मात्र समजू नका. १९५९ साली बाजारात आलेल्या पिअर्सन ट्रायटन या २८ फुटी अमेरिकी नौकेच्या डेकमध्ये बाल्साच होता आणि त्यातल्या कित्येक नौका आजही पाण्यावर आहेत. आपल्या जवळचं उदाहरण 'म्हादेई'चं. गोव्याच्या दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांच्या कारखान्यात ही ५६ फुटी नौका बांधली गेली, फायबरग्लासच्या थरांमध्ये लाकडाचा गाभा घालून. २००९-१० मध्ये दिलीप दोंदे यांनी एकट्याने तिच्यातून पृथ्वीप्रदक्षिणा केली, पुढे २०१२-१३ मध्ये अभिलाष टॉमी यांनी कुठेही न थांबता केली. दक्षिण महासागराच्या लाटा तिने झेलल्या. लाकूड पाण्याच्या संगतीत टिकतं, फक्त पाणी त्याच्यापर्यंत पोचू द्यायचं नाही. आणि पाणी पोचतं ते थरातून झिरपून नव्हे, भोकांतून. दोर बांधायचे क्लीट, कठड्याचे खांब, झाकणाच्या बिजागऱ्या, मागाहून कुणीतरी बसवलेला दिव्याचा कंस. प्रत्येक स्क्रू हा गाभ्यात उघडणारा नळ आहे आणि त्याच्याभोवतीचा सीलंट उन्हाने वाळून फुटला की तो नळ चालू होतो.

म्हणून तपासणी भोकांपासून करा. स्क्रूड्रायव्हरची प्लास्टिकची मूठ घ्या आणि डेकवर चार-चार बोटांच्या अंतराने ठोका. गाभा शाबूत असेल तिथे टणटणीत आवाज येतो, सुटला किंवा कुजला असेल तिथे थप्प असा बसका. जिथे आवाज बदलतो तिथे खडूने खूण करा. खुणा जोडल्या की डेकवर नकाशा तयार होतो, आणि बहुतेक वेळा त्या नकाशाच्या मधोमध एखादी फिटिंग सापडते. माझ्या होडीवर असे दोन डाग निघाले. पुढच्या क्लीटभोवती हात-सव्वा हात रुंद आणि झाकणाच्या उजव्या कोपऱ्याशी वीतभर. क्लीटचा पहिला स्क्रू काढला तेव्हा भोकातून चहाच्या रंगाचं पाणी वर आलं. स्क्रूच्या आट्यांना काळपट लगदा चिकटला होता आणि त्याला ओल्या पाचोळ्याचा वास होता. त्याच भोकांवर आधी कुणीतरी घरातल्या बेसिनला लावतात तो सिलिकॉन फासला होता. वरून चकचकीत, खाली सगळं सुटलेलं.

ठोकून नक्की कळत नसेल तर होडीच्या आतून, खालच्या थरात, सहा मिलिमीटरचं भोक पाडा. ड्रिल गाभ्यात शिरलं की थांबवा आणि बाहेर आलेला भुसा बोटांत चोळा. कोरडा, फिकट भुसा म्हणजे ठीक. काळा आणि गोळा होणारा म्हणजे कुजलेला. रंग फिकट पण भुसा ओलसर असेल तर तो भाग अजून वाचवता येतो. भोकं खालून पाडा म्हणजे नवा पाऊस आत जाणार नाही.

ओल किती आहे हे आकड्यात पाहायचं असेल तर त्यासाठी यंत्र लागत नाही. मी कुजलेल्या भागाच्या कडेचा, अजून लाकूड म्हणता येईल असा एक तुकडा काढला आणि स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवला. ६२ ग्रॅम भरला. मग अंगणात जुना ओव्हन मांडून त्यात शंभर अंशांच्या आसपास तो तापवत ठेवला आणि वजन उतरायचं थांबेपर्यंत दर अर्ध्या तासाने तोलत राहिलो. ३८ ग्रॅमवर काटा थांबला. म्हणजे २४ ग्रॅम पाणी, कोरड्या लाकडाच्या तुलनेत ६३ टक्के. बुरशी लागायला तीसच्या वर ओल पुरते आणि वीसच्या खाली लाकूड सहसा कुजत नाही. या दोन आकड्यांशी ६३ ताडून पाहिल्यावर दोन मॅट मारण्याचा विचार पुन्हा मनात आला नाही. हा प्रयोग घराबाहेरच करा, जुन्या रेझिनचा वास घरात शिरला तर दिवसभर जात नाही.

इथे एका लोकप्रिय उपायाबद्दल स्पष्ट बोलायला हवं. डेकला बारीक भोकं पाडायची, सिरिंजने पातळ इपॉक्सी रेझिन आत सोडायचं, सुकलं की झालं. ऐकायला सोपं वाटतं. पण इपॉक्सी ओल्या लाकडात शिरत नाही. लाकडातल्या पोकळ्या आधीच पाण्याने भरलेल्या असतात. ते मोकळ्या फटीत जाऊन गोठतं, डेकमध्ये कडक गाठी होतात आणि त्यांच्या मधला लगदा तसाच राहतो. गाभा कोरडा असेल आणि वरचा थर नुसता सुटला असेल, तर सिरिंज चालते. तेवढ्यापुरतीच.

ऊन आपल्या बाजूने आहे

दिल्लीच्या हवेबद्दल आपण सगळे कायम तक्रार करतो, पण डेक सुकवायला हिच्यासारखी हवा किनाऱ्यावर मिळणार नाही. मुंबई-रत्नागिरीच्या ऐंशी टक्के आर्द्रतेत लाकूड कितीही दिवस उघडं ठेवा, त्यात पंधरा-सोळा टक्के ओल राहतेच. आपल्याकडे एप्रिल-मेच्या दुपारी आर्द्रता पंचवीसच्या आसपास येते आणि तेवढ्या कोरड्या हवेत लाकूड पाच-सहा टक्क्यांपर्यंत उतरू शकतं. हा फरक फुकट मिळतो, तो घ्या.

अडचण अशी की सुकवायला जी हवा उत्तम, ती रेझिनला मानवत नाही. तापमान दहा अंशांनी वाढलं की रेझिन साधारण निम्म्या वेळात आवळतं. मे महिन्याच्या दुपारी त्रेचाळीस अंशांत मगमध्ये कालवलेलं इपॉक्सी ब्रश बुडवेपर्यंत धूर काढू लागतं. उलट जानेवारीच्या सात-आठ अंशांत ते दोन दिवस चिकटच राहतं. पावसाळ्यात हाताला कोरडं लागणारं लाकूडही ओलं असतं. नोव्हेंबरच्या काळवंडलेल्या हवेत उघड्यावर फायबर घासून आणखी धूळ उडवणं मला योग्य वाटत नाही, आणि शेजारी तक्रार करतील ती रास्तच असेल. म्हणून वेळापत्रक असं धरा: मार्चच्या मध्यावर डेक उघडायचा, तीन-चार आठवडे सुकवायचा आणि एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात पहाटे साडेपाच ते नऊ या वेळात फायबरचं काम करायचं. तेव्हा हवा वीस-पंचवीस अंश असते. ते हुकलं तर ऑक्टोबर. मी २०२५ च्या मार्चमध्ये उघडला आणि १२ एप्रिलला बंद केला.

सामान सगळं दिल्लीतच मिळतं. खारी बावलीला लागून असलेला तिलक बाजार हा रसायनांचा बाजार, रेझिन, हार्डनर, ॲसिटोन आणि काचेचं कापड तिथे विचारा. लाकूड आणि प्लाय कीर्तिनगरच्या लाकूडबाजारात. स्टेनलेस स्टीलचे बोल्ट आणि वॉशर चावडी बाजारात. प्लाय घेताना 'मरीन' या शब्दावर विसंबू नका, तक्त्यावर आयएस ७१० हा शिक्का पाहा. साधा व्यापारी प्लाय आयएस ३०३ खाली येतो आणि दुकानदार 'तोही वॉटरप्रूफच' म्हणून देऊ पाहतो. आयएस ७१० च्या प्लायला ७२ तास उकळत्या पाण्यात टिकावं लागतं. तुकडा मागून घ्या आणि घरी निदान दिवसभर उकळून पाहा. पदर सुटले तर तक्ता परत करा.

रेझिन कोणतं, यावर माझं मत ठाम आहे. आपल्याकडचे कारागीर पॉलिएस्टर रेझिन वापरतात, ते स्वस्त आहे आणि त्यांचा हात त्यावर बसलेला आहे. नवीन होडी साच्यात ओतायला ते छान. पण दुरुस्तीत आपण जुन्या, कधीच कडक झालेल्या पृष्ठभागावर नवं काही चिकटवत असतो, आणि तिथे इपॉक्सीची पकड जास्त चांगली. डेकच्या दुरुस्तीला इपॉक्सीच घ्या. एक लक्षात ठेवा: साधं तुकड्या-तुकड्यांचं मॅट इपॉक्सीबरोबर वापरू नका. त्या मॅटचे धागे धरून ठेवणारा डिंक पॉलिएस्टरमधल्या स्टायरीनने विरघळतो, इपॉक्सीत तो विरघळत नाही आणि मॅट नीट भिजत नाही. इपॉक्सीला विणलेलं किंवा शिवलेलं कापड लागतं. हिशोब सोपा आहे. चौरस मीटरला ६०० ग्रॅम वजनाच्या विणलेल्या कापडाचा एक थर पाऊण मिलिमीटर जाडी देतो, म्हणजे चार मिलिमीटरच्या जवळ जायला पाच थर. इपॉक्सी कापडाच्या वजनाइतकंच लागतं, एक चौरस मीटरला तीन किलो कापड आणि तीन किलो इपॉक्सी.

तरीही कुणी पॉलिएस्टरने काम करत असेल, तर एक इशारा मोठ्या अक्षरात वाचा. या रेझिनबरोबर दोन बाटल्या मिळतात, एक कोबाल्टची, जांभळी, आणि एक हार्डनरची, पाण्यासारखी. या दोन्ही कधीही थेट एकमेकांत मिसळू नका. स्फोट होतो. आधी कोबाल्ट रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचं, नंतर हार्डनर, शंभर ग्रॅमला एक ते दोन ग्रॅम. तो हार्डनर डोळ्यात गेला तर डोळा जाऊ शकतो, चष्मा घातल्याशिवाय बाटली उघडू नका. आणि हिवाळ्यासाठी आपण सगळ्यांनी घरात ठेवलेले एन-९५ मास्क फायबरच्या धुळीला चालतात, रेझिनच्या वाफेला नाही. त्यासाठी कोळशाचं कार्ट्रिज असलेला मास्क लागतो.

उघडणं

खडूच्या नकाशाच्या बाहेर आणखी चार बोटं घेऊन कापायची रेघ आखा. डेकवर खरखरीत आणि गुळगुळीत पट्टे असतील तर रेघ गुळगुळीत पट्ट्यातून न्या, नंतरचा सांधा तिथे सहज लपतो. होडीच्या कडेपासून पाच सेंटीमीटर आत राहा. तिथे डेक आणि खालचा सांगाडा जोडलेला असतो आणि तो जोड उसकटला तर काम चौपट होतं. कापण्याआधी खाली वाकून पाहा, वायर किंवा नळी डेकला चिकटून गेलेली असते. ग्राइंडरला पातळ डायमंड चकती लावा आणि फक्त वरचा थर कापा. भुसा पांढऱ्याचा तपकिरी झाला की चकती गाभ्यात शिरली, तिथेच थांबा. लांब बाह्यांचा शर्ट घाला, मनगटाला चिकटपट्टी लावा. काम झाल्यावर अंग धुवा.

वरचा थर पटाशी आणि रंगाऱ्याची पाती घालून हळूहळू उचकटा. कुजलेल्या भागावर तो पापडासारखा सुटतो, कडेच्या चांगल्या गाभ्यावर मात्र घट्ट बसलेला असतो. शक्य तर तो अखंड काढा आणि उलटा जपून ठेवा, कारण डेकचा उतार आणि त्यावरची खरखर त्या तुकड्यात तयारच आहे. क्लीटपाशी माझा अखंड निघाला, झाकणाच्या कोपऱ्याशी फुटला. पहिल्या ठिकाणी जुनाच परत बसवला, दुसऱ्या ठिकाणी नवा घातला.

आत जे दिसेल त्याने हबकू नका. माझ्या होडीत बारा मिलिमीटर प्लायचे चौकोनी तुकडे होते आणि त्यांच्यामधल्या फटी काही ठिकाणी रेझिनने भरलेल्या, काही ठिकाणी रिकाम्या. जिथे रेझिनची भिंत होती तिथे एक चौकोन लगदा आणि त्याला लागून असलेला दुसरा पूर्ण कोरडा, अक्षरशः नव्या लाकडाच्या रंगाचा. जिथे फट रिकामी होती तिथे पाणी चार चौकोन ओलांडून पुढे गेलं होतं. ते पाहिल्यावर नवा गाभा कसा घालायचा हे वेगळं कुणी सांगायची गरज राहिली नाही.

लगदा खरवडून काढा. पटाशी कडक, फिकट लाकडात शिरेपर्यंत थांबू नका, काळं लाकूड थोडंसुद्धा ठेवू नका. मग सुकवा. दिवसा उघडं, संध्याकाळी झाकायचं, पण ताडपत्री डेकला टेकता कामा नये, बांबूवर हातभर वर बांधायची. कडेचा चांगला गाभा सुकला का ते पाहायला प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टीने त्यावर डकवून रात्रभर ठेवा. सकाळी आत दव असेल तर आणखी एक आठवडा. माझ्याकडे तीन आठवडे दव येत होतं, चौथ्या आठवड्यात प्लास्टिक स्वच्छ निघालं. या टप्प्यावर मन घाई करतं. दुकानातून सामान आलेलं असतं, सुट्टी असते, मदतीला मित्र आलेला असतो. तरीही थांबा.

बंद करणं

खालच्या थराची आतली बाजू चाळीस नंबरच्या पॉलिशपेपरने घासून खरखरीत करा आणि ॲसिटोनने पुसा. प्लायचे वीत-वीतभर चौकोन कापा, चौकोनांमध्ये तीन मिलिमीटरची फट ठेवून सगळं कोरडंच मांडून पाहा आणि प्रत्येकावर नंबर टाका. मग ते काढून सगळ्या बाजूंना, कडांना तर दोनदा, पातळ इपॉक्सी लावा. खालच्या थरावरही पातळ हात फिरवा. त्यानंतर इपॉक्सीत एरोसिल म्हणतात ती हलकी पांढरी पूड घालून घट्ट श्रीखंडासारखं करा, सुरी उलटी धरली तरी ओघळू नये इतकं. ते खाली दातेरी थापीने पसरा आणि चौकोन दाबून बसवा. फटींतून मिश्रण वर आलं पाहिजे. नाही आलं तर खाली पोकळी आहे, चौकोन उचला आणि पुन्हा भरा. वर प्लास्टिक, त्यावर वाळूच्या पिशव्या. विटा नकोत, त्या कडेवर टेकतात आणि मध्ये पोकळ राहतं.

इपॉक्सी एका वेळी पाव किलोहून जास्त कालवू नका आणि कालवल्यावर पसरट ताटलीत ओता. खोल मगमध्ये ते स्वतःच्या उष्णतेनेच तापून गोठतं. त्याचा दोन भागांचा हिशोब काट्यावर करा, अंदाजाने नाही. हार्डनर जास्त घातला की लवकर सुकेल हा पॉलिएस्टरचा नियम इथे लागू नाही, इपॉक्सीत प्रमाण चुकलं की ते कायमचं मऊ राहतं.

जुना थर परत बसवताना त्याची खालची बाजू घासा आणि तेच घट्ट मिश्रण लावून दाबा. मग सांध्याच्या दोन्ही बाजूंना उतार घासा. जाडीच्या बारापट हे प्रमाण, चार मिलिमीटरच्या थराला पाच सेंटीमीटर उतार. अरुंद पट्टीपासून रुंद पट्टीकडे जात कापड चढवा, प्रत्येक पट्टीतली हवा रोलरने काढा. दुसऱ्या दिवशी इपॉक्सीवर मेणचट साय आलेली दिसेल. ती पाण्याने आणि खरखरीत स्पंजने धुतल्याशिवाय घासू नका, नाहीतर ती पॉलिशपेपरने आत रगडली जाते आणि पुढचा थर सुटतो. लांबी भरून सपाटी करा आणि वर दोन घटकांचा पॉलियुरेथेन रंग द्या. हे सोपं काम आहे, कोणताही गाडी रंगवणारा समजावून सांगेल. पण रंगाला टाळाटाळ नको, उघडं इपॉक्सी उन्हात पिवळं पडून भुकटी होतं.

आता ती भोकं. सगळी मेहनत यावर टिकते, म्हणून मी ती शेवटी पण सगळ्यात सावकाश केली. सहा मिलिमीटरचा बोल्ट जायचा असेल तर वरच्या थरातून आणि गाभ्यातून बारा मिलिमीटरचं भोक पाडा, खालचा थर सोडा. भोक इपॉक्सीच्या घट्ट मिश्रणाने भरा. दुसऱ्या दिवशी त्याच्या बरोबर मधून सहाचं भोक पाडा. आता बोल्टभोवती तीन मिलिमीटर इपॉक्सीची नळी आहे. उद्या सीलंट फुटला तरी पाणी खाली होडीत टपकेल, गाभ्यात जाणार नाही. भोकाचं तोंड थोडं खोलगट करा, म्हणजे सीलंटला बसायला जागा मिळते. सीलंट पॉलियुरेथेनचा किंवा ब्यूटिलची पट्टी. सिलिकॉन नको, त्याचा अंश राहिला की पुढे रंगही धरत नाही आणि इपॉक्सीही. बोल्ट धरून ठेवा आणि खालून नट फिरवा, बोल्ट फिरवला तर सीलंट तिथल्या तिथे कापला जातो. नटाखाली हाताच्या तळव्याएवढी स्टीलची पट्टी द्या. ज्या फिटिंगखालचा डेक आज चांगला आहे तिथेही हेच करा. माझ्या होडीवर अशी एकोणीस भोकं होती. एका शनिवार-रविवारात झाली.

पावसाळ्याआधी, मेच्या शेवटी, निचऱ्याची भोकं मोकळी करा आणि ताडपत्रीखाली मधोमध आडवा बांबू घाला, म्हणजे झोळी धरणार नाही. वर्षातून एकदा कोणताही एक बोल्ट काढून भोकात कापसाचा बोळा फिरवून पाहा. २०२५ चा पावसाळा संपल्यावर मी पुढच्या क्लीटचा बोल्ट काढला, तोच, ज्यातून चहाच्या रंगाचं पाणी आलं होतं. बोळा कोरडा निघाला.